रिअ‍ॅक्टरमधली अभिक्रिया हाताबाहेर का जाते?

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये मोठे स्फोट झाले. तारापूर, महाड, लोटे-परशुराम येथूनही अधूनमधून तशा बातम्या येतात आणि त्यांत एक वाक्य बहुधा ठरलेले असते : ‘रिअ‍ॅक्टरमध्ये रासायनिक प्रक्रिया सुरू असताना स्फोट झाला.’ (रिअ‍ॅक्टर म्हणजे ज्यात रसायनांची अभिक्रिया घडवतात ते बंद भांडे.) हे वाचणाऱ्याचा असा समज होतो की कारखान्यात काहीतरी मुळातच स्फोटक बनवले जात असावे, किंवा त्या दिवशी भलतेच रसायन चुकून आत पडले असावे. प्रत्येक दुर्घटनेचे कारण वेगळे असते आणि ते चौकशीतूनच ठरते. त्यामुळे कोणत्याही एका घटनेवर येथे निवाडा द्यायचा नाही. मात्र रिअ‍ॅक्टरच्या स्फोटांचा एक मोठा वर्ग असा आहे की ज्यात स्फोटाच्या दिवशी घडलेली अभिक्रिया आणि आदल्या दिवशी शांतपणे पार पडलेली अभिक्रिया या सुरुवातीला तरी एकच असतात. बदललेला असतो तो वेग. म्हणून हा वेग कशाकशावर ठरतो, हे आधी पाहू.

अभिक्रिया होते म्हणजे काय होते

दोन द्रव्ये एकमेकांत मिसळली की त्यांचे रेणू सतत एकमेकांवर आदळू लागतात. या टकरींची संख्या कल्पनेपलीकडची असते. प्रत्येक टकरीतून नवा पदार्थ तयार झाला असता तर जगातल्या बहुतेक अभिक्रिया निमिषार्धात संपल्या असत्या. तसे होत नाही, कारण बहुसंख्य टकरी वाया जातात. रेणू योग्य बाजूने भिडावे लागतात आणि त्या टकरीत जुने बंध सैल करण्याइतका जोर असावा लागतो. या किमान जोराला सक्रियण ऊर्जा म्हणतात.

महाडहून लोट्याला जायचे तर वाटेत कशेडीचा घाट आहे. लोटे महाडपेक्षा उंचावर आहे की खाली, याने घाटाची चढण बदलत नाही. ती चढण्याइतका दम ज्या गाडीत आहे तीच पलीकडे पोहोचते. सक्रियण ऊर्जा म्हणजे ही चढण. पलीकडे उतरताना किती ऊर्जा बाहेर पडणार हा हिशेब वेगळा, आणि चढण किती हा वेगळा. पेट्रोल आणि हवेतला प्राणवायू वर्षानुवर्षे शेजारी राहू शकतात, याचे कारण त्यांच्यात अभिक्रियेची ओढ नाही असे नसून, मधला घाट नेहमीच्या तापमानाला त्यांना चढता येत नाही, हे आहे. एक ठिणगी काही रेणूंना वर ढकलते, त्यांच्या उतरणीतून सुटलेली उष्णता पुढच्यांना ढकलते, आणि मग ठिणगीची गरज उरत नाही.

ही चढण पदार्थागणिक निराळी असते. मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण टाकले की पांढरा साका तत्क्षणी पडतो, कारण तेथे मोडायला फारसे बंधच नसतात, विरुद्ध भाराचे आयन फक्त एकत्र येतात. लोखंडी खिळा गंजायला मात्र अनेक दिवस जातात. हा फरक द्रव्यांच्या स्वभावातला आहे आणि त्यावर कारखानदाराचा ताबा नसतो. ताबा असतो तो पुढच्या गोष्टींवर.

तापमान : तीन टक्क्यांच्या वाढीत दुप्पट वेग

सगळ्यांत प्रभावी घटक तापमान हाच आहे, आणि त्याचे वागणे सरळ हिशेबात बसत नाही. २७ अंश सेल्सिअसवरचे द्रावण ३७ अंशांवर नेले तर रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा जेमतेम ३ टक्क्यांनी वाढते. (रेणूंच्या हिशेबात तापमान निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअसपासून, मोजावे लागते, तेथे हा बदल ३०० वरून ३१० इतकाच आहे.) तरीही अनेक नेहमीच्या अभिक्रियांचा वेग या दहा अंशांत जवळजवळ दुप्पट होतो. स्वान्ते अ‍ॅऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये याचा उलगडा केला. सगळ्या रेणूंची ऊर्जा सारखी नसते. बहुतेकांची सरासरीच्या आसपास असते आणि घाट चढण्याइतकी ऊर्जा फार थोड्यांजवळ असते. तापमान किंचित वाढले तर सरासरी किंचितच सरकते, पण त्या थोड्यांची संख्या पटीने वाढते, आणि अभिक्रियेचा वेग सरासरीवर नव्हे, या थोड्यांवर ठरतो.

‘दर दहा अंशांना दुप्पट’ हा ढोबळ नियम आहे, निसर्गाचा कायदा नाही. सक्रियण ऊर्जा मोलामागे ५० किलोज्यूल असेल तर नेहमीच्या तापमानाला दुपटीच्या जवळ जाणारा आकडा येतो. तीच १०० किलोज्यूल असेल तर वेग साडेतीन पटींहून अधिक वाढतो. शिवाय या नियमाचे खरे रूप एका टप्प्यात दिसत नाही. दुपटीनेच धरले तरी ३० अंशांवरून ८० अंशांवर गेल्यास वेग ३२ पट होतो आणि १३० अंशांवर गेल्यास १,०२४ पट. घरी उन्हाळ्यात दुपारपर्यंत नासणारे दूध फ्रिजमध्ये काही दिवस टिकते, तेही बरेचसे याच कारणाने.

मग थंडीत दही लागत नाही म्हणून दूध चांगले कडकडीत असतानाच विरजण लावले तर? दही लागणारच नाही, कारण विरजणातले जिवाणू मरतील. सजीवांमधल्या अभिक्रिया विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, मदतीने चालतात आणि ठरावीक तापमानापुढे विकरे निकामी होतात. तापमान वाढले की वेग वाढतो, याला असे अपवाद आहेत. रिअ‍ॅक्टरमधल्या बहुतेक अभिक्रियांना मात्र हा आपोआप बसणारा लगाम नसतो.

संहती आणि दाब

ठरावीक आकारमानात द्रव्याचे रेणू किती, याला संहती म्हणतात. रेणू दाटीने असले की टकरी वाढतात आणि वेगही वाढतो. वायूंच्या बाबतीत दाब वाढवणे म्हणजे हीच दाटी करणे. अलिबागजवळच्या थळसारख्या खत कारखान्यांत नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया करताना दाब वातावरणाच्या शंभर पटींहून अधिक ठेवतात. त्यामागे वेगाबरोबर उत्पादनाचे प्रमाणही वाढावे, हा हेतू असतो.

द्रवांच्या बाबतीत एक गोष्ट कारखान्याच्या हिशेबात सहज निसटते. सॉल्व्हंट, म्हणजे ज्यात अभिक्रिया घडवायची ते द्रावक, नुसते जागा अडवून बसलेले नसते. ते संहती कमी ठेवते आणि सुटणारी उष्णता पोटात घेते. एका बॅचमध्ये जास्त माल निघावा म्हणून सॉल्व्हंट कमी केले तर वेगही वाढतो आणि तीच उष्णता थोड्या द्रवावर पडून तापमानही अधिक चढते. कागदावर ही काटकसर फार साजरी दिसते.

पृष्ठफळ, म्हणजे किती भाग उघडा आहे

घन पदार्थावर अभिक्रिया फक्त पृष्ठभागी होते. एक सेंटीमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर. त्याचे एक मिलिमीटरचे हजार तुकडे केले तर वजन तेवढेच राहून पृष्ठफळ ६० होते. सहस्रांश मिलिमीटरची भुकटी केली तर ते ६ चौरस मीटर, म्हणजे लहानशा खोलीच्या फरशीएवढे होते. साखरेचा खडा काडीने नीट पेटतही नाही. पण ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्यात साखरेच्या धुळीचे स्फोट होऊन १४ जण दगावले.

न मिसळणारे दोन द्रवही याच न्यायाने चालतात. ते एकमेकांना जेथे स्पर्श करतात तेवढ्या पडद्यावरच अभिक्रिया होते, म्हणून रिअ‍ॅक्टरमध्ये ढवळणी, म्हणजे स्टरर, सतत फिरता ठेवतात.

उत्प्रेरक : घाटाखालचा बोगदा

कशेडीला आता घाटाखालून बोगदा झाला आहे, आणि उत्प्रेरकाचे काम समजायला याहून नेमके काही शोधायची गरज नाही. दोन्ही टोके तीच राहतात. मधली चढण कमी होते. उत्प्रेरक स्वतः अखेर खर्च होत नाही आणि एकूण किती उष्णता सुटणार, यात काडीचाही फरक करत नाही. ती किती वेळात सुटणार, हे मात्र बदलतो. औषधाच्या दुकानातले हायड्रोजन पेरॉक्साइड बाटलीत महिनोन्‌महिने टिकते. जखमेवर ओतताच फसफसते, कारण रक्तात आणि पेशींत कॅटलेज नावाचे विकर असते आणि ते पेरॉक्साइडचे पाणी व प्राणवायू करण्याचा वेग प्रचंड वाढवते.

न बोलावलेला उत्प्रेरक ही वेगळीच अडचण आहे. गंजलेल्या पाइपमधले लोह, आधीच्या बॅचचा राहिलेला अंश, टाकीचे चुकीच्या धातूचे झाकण, यांपैकी काहीही बोगद्याचे काम करू शकते. पेरॉक्साइडसारख्या द्रव्यांची भांडी कटाक्षाने स्वच्छ ठेवतात ती याचसाठी.

उष्णतेचा हिशेब कोठे बिनसतो

आता मुख्य मुद्दा. उद्योगातल्या अनेक अभिक्रिया उष्मादायी असतात, म्हणजे त्या घडताना उष्णता बाहेर पडते. ही उष्णता काढून नेण्यासाठी रिअ‍ॅक्टरभोवती दुहेरी भिंतीचे जॅकेट असते आणि त्यातून थंड पाणी किंवा ब्राइन, म्हणजे गोठणबिंदू खाली आणलेले मिठाचे पाणी, फिरते. जोवर जितकी उष्णता निर्माण होते तितकी जॅकेट काढून नेते, तोवर सारे ठीक.

जॅकेटमध्ये ३० अंशांचे पाणी आहे आणि बॅच ६० अंशांवर स्थिर आहे असे समजा. उष्णता बाहेर जाण्याचा दर दोन्हींतल्या फरकावर ठरतो, आणि हा फरक ३० अंशांचा आहे. काही कारणाने बॅच ७० अंशांवर गेली, तर फरक ४० होतो; उष्णता जाण्याचा दर सव्वा ते दीड पटीच्या दरम्यान वाढतो, पण अभिक्रियेचा वेग, आणि म्हणून उष्णता सुटण्याचा दर, दुप्पट होतो. ८० अंशांवर जाणारी उष्णता पावणेदोन पटीच्याही आतच असते आणि निर्माण होणारी चौपट. एक वाढ बेरजेने होते, दुसरी गुणाकाराने, आणि एका मर्यादेपुढे या दोन्हींची तोंडमिळवणी होऊच शकत नाही. निकोलाय सेम्योनोव या रशियन रसायनशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये हे गणिताने मांडले. पुढे १९५६ मध्ये त्यांना सिरिल हिन्शेलवूड यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. अभिक्रिया या मर्यादेपलीकडे गेली की तिला रनअवे म्हणतात. मराठी कामगारही हाच इंग्रजी शब्द वापरतात, किंवा ‘रिअ‍ॅक्शन सुटली’ असे सरळ म्हणतात.

ऑपरेटरच्या हाती किती वेळ असतो, हेही यातूनच कळते. शीतकरण बंद पडले आणि पहिले दहा अंश चढायला १० मिनिटे लागली, तर पुढचे दहा अंश ५ मिनिटांत चढतील, त्यापुढचे अडीच मिनिटांत, त्यापुढचे सव्वा मिनिटात. ही बेरीज कितीही पुढे नेली तरी २० मिनिटांच्या पुढे जात नाही. आतला माल संपला किंवा द्रव उकळू लागला तर चित्र बदलते, पण उकळणे म्हणजे वाफ, आणि बंद भांड्यातली वाफ म्हणजे दाब.

मग सुरुवातीपासून अधिक थंड का ठेवत नाहीत?

हा प्रश्न स्वाभाविक आहे आणि त्याचे उत्तर बहुतेकांना अनपेक्षित वाटते : गरजेपेक्षा थंड बॅच ही गरम बॅचइतकीच धोक्याची असू शकते. नायट्रेशनसारख्या, म्हणजे नायट्रिक आम्लाने सेंद्रिय रेणूत नायट्रो गट बसवण्याच्या, प्रक्रियेत एक द्रव्य रिअ‍ॅक्टरमध्ये आधीच भरलेले असते आणि दुसरे, म्हणजे आम्लांचे मिश्रण, थेंबाथेंबाने सोडतात. पडणारा प्रत्येक थेंब लगेच संपावा, अशी अपेक्षा असते. बॅच फार थंड असेल तर अभिक्रिया रेंगाळते, थर्मामीटर छान खालचा आकडा दाखवतो, ऑपरेटर निर्धास्तपणे अ‍ॅडिशन, म्हणजे आम्ल सोडणे, चालू ठेवतो, आणि न संपलेले आम्ल आत साठत जाते. पुढे तापमान जरा चढले की तासाभराचा साठा एकदम कामाला लागतो. म्हणून नीट लिहिलेल्या बॅच शीटवर तापमानाच्या वरच्या मर्यादेइतकीच खालची मर्यादाही दिलेली असते आणि तिच्याखाली अ‍ॅडिशन सुरू करू नये, असे लिहिलेले असते.

स्टरर बंद पडल्यावरही हेच घडते. वीज गेली, स्टरर थांबला, जड आम्ल तळाशी बसले, वर सेंद्रिय द्रवाचा थर तरंगत राहिला. मध्ये स्पर्शाचा पडदा लहान, म्हणून अभिक्रिया मंद आणि सगळे शांत. वीज आल्यावर घाईने स्टरर सुरू केला की दोन्ही थर काही सेकंदांत एकजीव होतात. थांबलेला स्टरर परत चालू करणे हे सगळ्यांत साधे दिसणारे आणि सगळ्यांत विचारपूर्वक करायचे काम आहे.

प्रयोगशाळेत तर करून पाहिलेले असते ना?

असते, पण आकार वाढला की हिशेब बदलतो. एक लिटरचे भांडे १० सेंटीमीटर बाजूचा घन मानले तर प्रत्येक लिटर द्रवाला ६०० चौरस सेंटीमीटर भिंत मिळते. २ मीटर बाजूच्या, म्हणजे ८,००० लिटरच्या घनात लिटरमागे फक्त ३० चौरस सेंटीमीटर उरते. उष्णता द्रवाच्या आकारमानाप्रमाणे निर्माण होते आणि भिंतीच्या क्षेत्रफळाप्रमाणे बाहेर जाते. त्यामुळे फ्लास्कमध्ये जिला आवरायला बर्फाचे पाणीही लागले नव्हते, ती अभिक्रिया मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये जॅकेटला जुमानेलच असे नाही.

फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल येथील टी-टू लॅबोरेटरीज या कारखान्याचे उदाहरण या ठिकाणी नेमके लागू पडते. पेट्रोलमध्ये मिसळायचे मँगनीजयुक्त रसायन तेथे बनत असे. पहिल्या टप्प्यात सोडियम धातू आणि एक सेंद्रिय द्रव डायग्लाइम नावाच्या सॉल्व्हंटमध्ये तापवत. पुढे बॅचचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढवण्यात आला. १९ डिसेंबर २००७ रोजी १७५वी बॅच चालू असताना शीतकरण पुरेसे झाले नाही, आणि पर्यायी शीतकरणाची सोय नव्हती. तापमान सुमारे २०० अंशांच्या पुढे गेल्यावर सोडियम सॉल्व्हंटशीच अभिक्रिया करू लागला. ही दुसरी अभिक्रिया पहिलीपेक्षा कितीतरी उग्र होती. ४ जण मरण पावले, ३२ जखमी झाले. आधीच्या १७४ बॅचेस स्फोटाविना निघाल्या, याचा अर्थ त्या मर्यादेच्या अलीकडे राहिल्या, एवढाच होतो. मर्यादा किती जवळ होती हे त्यावरून कळत नाही.

सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तो काय करतो?

दाब ठरावीक आकड्यापुढे गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो किंवा रप्चर डिस्क, म्हणजे मुद्दाम कमकुवत ठेवलेली चकती, फुटते. प्रेशर कुकरची शिटी आणि तिच्या शेजारचा सेफ्टी प्लग हेच काम करतात. पण कुकरमध्ये उष्णता गॅसच्या शेगडीतून येते, आणि शेगडी बंद केली की संपले. रनअवेमध्ये शेगडी आतच असते आणि ती दर काही मिनिटांनी दुप्पट मोठी होत असते. चकती उशिरा फुटली तर तोवर वेग इतका वाढलेला असतो की त्या भोकातून बाहेर पडणारी वाफ निर्माण होणाऱ्या वाफेला पुरी पडत नाही. म्हणून चकती किती मोठी आणि किती दाबाला फुटावी, हे नेहमीच्या बॅचवरून न ठरवता बिघडलेल्या बॅचवरून ठरवावे लागते, आणि त्यासाठी ती बॅच आधी चाचणीच्या लहान भांड्यात मुद्दाम बिघडवून पाहावी लागते.

काम बंद असताना तरी धोका नसतो ना?

भोपाळची टाकी हा रिअ‍ॅक्टर नव्हता, साठवण टाकी होती. तिच्यात सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होते. हे द्रव्य सुमारे ३९ अंशांना उकळते आणि ते शून्याच्या आसपास थंड ठेवायचे, अशी सूचना होती. प्रत्यक्षात शीतकरण यंत्रणा १९८४ च्या जूनपासूनच बंद होती. २ डिसेंबरच्या रात्री टाकीत पाणी शिरले. ते कसे शिरले यावर पुष्कळ वाद झाले. पण पुढे काय झाले ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने स्पष्ट आहे. पाण्याशी झालेल्या उष्मादायी अभिक्रियेने द्रव तापले. टाकीतले लोह उत्प्रेरक ठरले, मिथाइल आयसोसायनेटचे रेणू एकमेकांशीच जोडले जाऊ लागले, आणि त्यातून आणखी उष्णता सुटली. याच पाण्याला शून्य अंशावरचे द्रव भेटले असते तर अभिक्रिया कितीतरी मंद चालली असती आणि माणसांना काही करायला वेळ मिळाला असता. या लेखातले जवळजवळ सगळे घटक त्या एका टाकीत एकत्र आले होते.

सेंद्रिय पेरॉक्साइडे तर कोणाशी संबंध न येताही आपोआप विघटित होतात, फक्त थंडीत फार हळू. टेक्सासमधल्या क्रॉस्बी येथे ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाच्या पुरात वीज गेली, जनरेटरही पाण्याखाली गेले, आणि शीतकरण थांबलेल्या ट्रेलरमधली पेरॉक्साइडे ३१ ऑगस्टपासून पेटू लागली.

टाळण्याचे मार्ग

मार्ग जुने आहेत आणि बरेचसे साधे आहेत. एकूण उष्णता किती सुटते आणि शीतकरण अजिबात नसेल तर तापमान कोठवर चढेल, हे कॅलरीमीटरने, म्हणजे उष्णता मोजण्याच्या उपकरणाने, आधीच मोजता येते. स्टरर थांबताच अ‍ॅडिशनचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होईल, असे इंटरलॉक बसवता येतात. बॅच एकदम थंड पाण्यात सोडण्यासाठी खाली तशा पाण्याची टाकी ठेवता येते, किंवा अभिक्रिया मारणारे द्रव्य हाताशी ठेवता येते. यांतल्या प्रत्येकाला पैसे लागतात, आणि लहान कारखान्यात, जेथे एकाच रिअ‍ॅक्टरमध्ये महिन्याला वेगवेगळी उत्पादने काढतात, तेथे प्रत्येक उत्पादनासाठी ही मोजणी नव्याने करावी लागते. बहुधा हीच पायरी गाळली जाते.

अलीकडे नायट्रेशनसारख्या काही प्रक्रिया बॅचऐवजी फ्लो रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे बारीक नळीतून अखंड वाहत्या प्रवाहात, करण्याकडे कल आहे. अशा नळीत लिटरमागे भिंत भरपूर मिळते, आणि कोणत्याही क्षणी आत काही हजार लिटरऐवजी थोडेच द्रव असते. पंप बंद केला की नवा माल येणेही थांबते. अर्थात हे सगळीकडे चालत नाही. मधेच घन साका पडणाऱ्या अभिक्रियांत नळी तुंबते, आणि ज्यांना मुळातच दहा-बारा तास लागतात, त्यांना नळी किती लांब करणार? अशा उत्पादनांसाठी जॅकेट, स्टरर आणि तापमानाच्या दोन मर्यादा यांवरच काम चालवावे लागते.